चोर्ला घाटात उतरण्याआधी टायर बघा

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जून लागला की बेळगावहून गोव्याला जाताना जांबोटी-कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटातला रस्ता तेवढाच दगा देतो. पहिल्या सरीला तर जास्तच. डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून बुळबुळीत थर होतो.

म्हणून गोव्याला निघण्याआधी खाली बसून टायरच्या खाचेत बोट घाला. तळाशी रबराचे आडवे उंचवटे लागतील, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात मी तेवढी वाट बघत नाही, ३ मिलिमीटरलाच बदलतो. चाकाखालचं पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचाच करतात. नवा घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दोनच घेणार असाल तर ते मागे बसवून घ्या. मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते, मग सावरणं कठीण.

पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर ब्रेकवर पाय मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीच नको. खालच्या गिअरातच उतरा.