गंजलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची का? कसं ठरवाल

जुनी मोटार बघायला गेलं की नजर बॉनेट, बंपर आणि दिव्यांवर खिळते. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. खरा निर्णय मात्र गाडीच्या खाली वाकल्यावर होतो. बॉनेट, डिकी, दारं कितीही कुजली तरी खोलून दुसरी बसवता येतात. ज्या पत्र्यावर गाडीचा भार आहे तोच गेला असेल, तर खर्चाला धरबंध राहत नाही.

म्हणून आधी गाडीची बांधणी कशी आहे ते माहीत करून घ्या. काही गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे खालचा मजबूत सांगाडा, असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. जुन्या लँड रोव्हरची बॉडी बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमची, चॅसी पोलादाची. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली निघू शकते. उलट १९३४ मध्ये आलेल्या सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँसारख्या मोनोकॉक गाड्यांना वेगळी चॅसीच नसते. तिथे फ्लोअर, दारांच्या बाजूचे खांब आणि दाराखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, हेच गाडीचा भार पेलतात. उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्याने सिलवर आणखी ताण येतो.

आता तपासणी. टॉर्च, छोटं चुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे एवढं पुरे. टोचून बघणार असल्याचं मालकाला आधी सांगा. तो नको म्हणाला तर त्यातूनही बरंच कळतं.

सुरुवात सिलपासून करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा आणि सीट बेल्टचे बोल्ट नीट बघा. मग आतली मॅट उचलून पाय ठेवायच्या जागेचे कोपरे, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालची ताटली आणि पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे तपासा. पाणी साचतं तिथे गंज असणारच. तो किती खोल गेलाय, हे शोधायचं.

तपकिरी धूळ तारेच्या ब्रशने निघाली आणि खाली घट्ट पत्रा लागला, तर काळजी नाही. पापुद्रे सुटत असतील तर जाडी कमी झालेली आहे. सगळ्यात फसवा म्हणजे रंगाखाली आलेला फोड. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून रंग वर उचलला जातो. असा फोड बहुधा आतल्या बाजूने आलेला असतो, आणि रंग खरवडला की भोक फोडापेक्षा मोठं निघतं.

चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पकड सुटली तिथे खाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता मोठी. पण लगेच कुणाला लबाड ठरवू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरला चुंबक चिकटतच नाही, आणि जुन्या काळी कारखान्यातच सांधे शिशाने भरत. गाडीखाली काळ्या डांबरी लेपाचा ताजा थर दिसला, तर मात्र मी दोन पावलं मागे सरकतो. ऐन विक्रीच्या तोंडावर असा लेप उगाच कुणी देत नाही.

आता दार अर्धं उघडून टोकाशी धरून वर उचला. फक्त बिजागरी हलली तर पिन झिजली आहे, किरकोळ काम. बिजागरीसकट खांब हलला तर तो बुडाशी कुजलाय. मालकाची हरकत नसेल तर जॅकने एक बाजू किंचित उचला. दाराच्या फटी बदलल्या किंवा दार अडकायला लागलं, तर बॉडी वाकते आहे. जॅकच पत्रा फोडून आत गेला, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

इंजिनाची लोकांना जास्त धास्ती असते, मला कमी. स्पार्क प्लग काढून पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो का बघा. जाम असला तरी इंजिन उतरवून दुरुस्त होतं, आणि तो खर्च बऱ्यापैकी आधी सांगता येतो. पत्र्याच्या कामाचा सांगता येत नाही. ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा करून, रंग उतरवला की दुप्पट भोकं दिसतात.

पैशाचा हिशोब मांडण्याआधी सुट्या भागांची चौकशी करा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून बनू लागली. फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअर बॉडीपासून सुटा होतो आणि नवा मिळतो. दुर्मीळ गाडीत हेच पत्रे हाताने ठोकून घडवावे लागतात. म्हणजे तोच गंज एका गाडीत परवडतो, दुसरीत नाही. काचा, क्रोमच्या पट्ट्या आणि मागच्या दिव्यांची कव्हरं गायब असतील तर ती शोधण्यातही वर्षं जाऊ शकतात.

त्यानंतर गाडीची किंमत, पत्र्याचं काम, रंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि सीट यांची बेरीज करा. पत्र्याचा अंदाज गाडी खालून बघितलेल्या कारागिराकडूनच घ्या आणि तो आकडा दुप्पट धरा. तेच मॉडेल उत्तम स्थितीत केवढ्याला मिळतं, ते शेजारी लिहा. बहुतेक वेळा तयार गाडी स्वस्त पडते. तरीही वडिलांची गाडी आहे किंवा वेल्डिंग स्वतः करायची हौस आहे, म्हणून काम हाती घेणं मला पटतं. नफ्यासाठी घेणं पटत नाही. मधला मार्गही आहे: भाराचे भाग आणि ब्रेक पक्के करायचे, गंज थोपवायचा आणि जुना रंग तसाच ठेवायचा.

व्यवहाराआधी गाडीवर ठोकलेला चॅसी नंबर कागदपत्रांशी ताडून बघा. नंबराची जागाच गंजली असेल तर नोंदणीच्या वेळी अडचण येऊ शकते. अशी गाडी फार तर सुट्या भागांसाठी घ्यावी. गिअरबॉक्स, काचा आणि दाराची हँडलं दुसऱ्या गाडीला कामी येतात. भावही त्याच हिशोबाने सांगावा.