आधी तिकीट, मग शिफ्ट: अमेरिकेतली लोकम डॉक्टरकी आणि भटकंती

लोकममध्ये, म्हणजे एजन्सीमार्फत दुसऱ्या डॉक्टरच्या जागी तात्पुरतं काम करण्यात, पैसे सुटतात का, हा प्रश्न मला ज्युनिअर्सकडून सगळ्यात जास्त येतो. सुटतात. त्यात विचारण्यासारखं फार काही नाही. खरी घासाघीस करावी लागते ती तारखांची. हॉस्पिटलला तुम्ही नेमके ज्या आठवड्यात हवे असता, त्याच आठवड्यात तुम्हाला पेरूला नाहीतर लडाखला जायचं असतं. आणि जो आपलं कॅलेंडर आधी भरून ठेवत नाही, त्याचं कॅलेंडर एजन्सीचा रिक्रूटर भरून टाकतो. पुढचं सगळं लिहिते आहे ते याच एका गोष्टीभोवती.

माझं काम हॉस्पिटलिस्टचं. म्हणजे ओपीडी नाही, स्वतःचे ठरलेले पेशंट नाहीत. हॉस्पिटलात भरती होईल तो आपला, आणि शिफ्ट संपली की पेजर दुसऱ्याच्या हातात. लोकमला हे काम सोयीचं पडतं ते याचमुळे. ॲनेस्थेशिया, इमर्जन्सी, रेडिऑलॉजी, सायकिॲट्री यांनाही छान जमतं. ज्यांच्याकडे पेशंट वर्षानुवर्षं त्यांच्याच नावाने येतात, त्यांना मात्र हे करताना थोडं मन मारावं लागतं.

व्यवस्था साधी आहे. कुठली तरी डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवर जाते, कुणी नोकरी सोडतं, किंवा गावच इतकं आडवळणाला असतं की कायमचं यायला कुणी तयार नसतं. हॉस्पिटल एजन्सीला पैसे देतं, एजन्सी तुम्हाला. विमान, हॉटेल, भाड्याची गाडी एजन्सीच्या खात्यावर, मॅलप्रॅक्टिसचा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांचा) इन्शुरन्सही सहसा तिचाच. डॉक्टरकडून एजन्सी काही घेत नाही. कुणी मागितलंच तर तिथूनच मागे फिरा. इन्शुरन्स ‘क्लेम्स-मेड’ आहे (दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू हवी) की ‘ऑकरन्स’ (घटना घडली तेव्हा चालू असली की पुरे), आणि क्लेम्स-मेड असेल तर नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीची जादा पॉलिसी, म्हणजे ‘टेल’, कोण भरणार, हे लेखी घ्या. केस उभी राहते ती दोन वर्षांनी, तोवर आपण त्या गावाचं नावही विसरलेलो असतो.

आता व्हिसा, कारण निम्म्या लोकांचा विषय इथेच संपतो. एच-१बीवर असाल तर ज्याने तुमचं पिटिशन केलं त्याच्याकडेच काम. स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर म्हणून, १०९९ वर, एक शिफ्टसुद्धा करता येत नाही, मग रिक्रूटर कितीही गोड बोलो. जे-१ वेव्हरवाल्यांची (शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची अट माफ झालेल्यांची) तीन वर्षं त्या त्या ठिकाणी पूर्णवेळ बांधलेली असतात. ग्रीन कार्ड हातात आलं, किंवा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल होऊन ईएडी (कामाचा परवाना) मिळालं, की मग वाट मोकळी. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते मी सांगायला नको. माझं लवकर झालं ते नवऱ्याची प्रायॉरिटी डेट (रांगेत नंबर लागल्याची तारीख) जुनी होती म्हणून, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

ग्रीन कार्डवर भटकणाऱ्यांनी आणखी एक हिशेब डोक्यात ठेवायचा. नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत निदान तीस महिने अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं, आणि एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य मोडलं असं धरलं जाऊ शकतं. वर्षभर बाहेर राहायचं असेल तर जाण्याआधी रीएन्ट्री परमिट काढावं लागतं. लोकममुळे चार-पाच महिने सलग मोकळे काढणं सहज शक्य होतं, म्हणून हे आत्ताच सांगते.

बाकी सगळं कागदांवर अडतं. नवीन मंडळी दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. राज्याचं लायसन्स वेगळं आणि हॉस्पिटलचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमच्या कागदपत्रांची पडताळणी, वेगळं. लायसन्स असलं तरी त्या हॉस्पिटलची कमिटी तुम्हाला प्रिव्हिलेजेस (कामाची परवानगी) देईपर्यंत तिथे पेशंटला हात लावता येत नाही, आणि काही ठिकाणी ही कमिटी महिन्यातून एकदाच बसते. दोन्ही मिळून तीन-चार महिने धरून चाला.

लायसन्ससाठी इंटरस्टेट कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्यांचा आपसातला करार, हा मोठा आधार आहे. २०१७ पासून त्यातून लायसन्स मिळायला लागली आणि आता चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. एकदा आपल्या मुख्य राज्याने पात्रतेचं पत्र दिलं की बाकीच्या राज्यांची लायसन्स काही आठवड्यांत येतात. कॉम्पॅक्टची फी ७०० डॉलर, शिवाय प्रत्येक राज्याची वेगळी. बोर्ड सर्टिफिकेशन (आपल्या स्पेशालिटीचं प्रमाणपत्र) हवं, शिस्तभंगाची कारवाई झालेली नको, आणि यूएसएमएलईच्या (लायसन्सच्या परीक्षेच्या) कुठल्याही स्टेपला तीनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत. कॅलिफोर्निया मात्र त्यात नाही, त्यामुळे समुद्रकिनाऱ्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी जरा धीर धरावा. डीईए रजिस्ट्रेशन (नियंत्रित औषधं लिहून देण्याची नोंदणी) राज्यागणिक लागतं. तीन वर्षांचे ८८८ डॉलर. काही हॉस्पिटलं त्यांच्या स्वतःच्या डीईए नंबरवर काम करू देतात, ते आधी विचारलं तर पैसे वाचतात. नाहीतर फी एजन्सी भरते का, हे विचारायचं. बऱ्याचदा भरते, पण आपण विचारल्यावर.

भारतातून शिकून आलेल्यांसाठी एफसीव्हीएसमध्ये (डॉक्टरांची कागदपत्रं तपासून जपून ठेवणारी सेवा) फाइल उघडून ठेवणं फार फायद्याचं. एमबीबीएसच्या कॉलेजकडून होणारी पडताळणी तिथे एकदाच होते आणि कायमची राहते. नाहीतर प्रत्येक नव्या अर्जाला कॉलेजच्या ऑफिसात कुणाला तरी गाठा, शिक्का मिळवा, कुरिअर करा, आणि तिकडे नेमकी दिवाळीची सुट्टी.

भटक्यांना खास नडतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे सीव्हीतली गॅप. महिनाभराहून जास्त मोकळा काळ दिसला की क्रेडेन्शियलिंगवाले लेखी खुलासा मागतात. लपवायचं काही नसतं. ‘मार्च ते मे, वैयक्तिक प्रवास, नेपाळ आणि भारत’ एवढं एका ओळीत लिहिलं की भागतं, पण तारखा सगळ्या अर्जांत सारख्याच हव्यात. एकीकडे मार्च आणि दुसरीकडे फेब्रुवारी लिहिलंत की फाइल थांबलीच म्हणून समजा. माझी एक साधी एक्सेल शीट आहे, त्यात कुठल्या तारखेला कुठे होते ते असतं. ती इमिग्रेशनला, टॅक्सला आणि क्रेडेन्शियलिंगला अशी तिन्हीकडे चालते. दुसरी गोष्ट म्हणजे बोटांचे ठसे. लायसन्सच्या अर्जाला ते द्यावे लागतात, आणि पोखऱ्याच्या गेस्ट हाउसमध्ये बसून ते देता येत नाहीत. म्हणून नवीन राज्याचा अर्ज घरी असतानाच सुरू करायचा आणि ठसे दिल्याशिवाय बॅग भरायची नाही.

आता कॅलेंडर. हे मी दर ऑक्टोबरमध्ये पुढच्या पूर्ण वर्षाचं करते. आधी हलवता न येणाऱ्या तारखा: गणपती, घरातली लग्नं, आईची डोळ्यांची तपासणी. मग प्रवास. आणि उरलेल्या जागेत शिफ्ट. उलट्या क्रमाने केलं की प्रवास कधीच होत नाही, कारण रिकामा आठवडा दिसला की ‘फक्त चार शिफ्ट आहेत, डॉक्टर’ असा फोन येतोच.

या क्रमात मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. इथल्या डॉक्टरांना सुट्टी हवी असते ती थँक्सगिव्हिंगला, ख्रिसमसला आणि मुलांच्या उन्हाळी सुट्टीत. तेव्हा हॉस्पिटलं माणसं शोधत असतात आणि दरही चढे मिळतात. आपले सण वेगळ्याच वेळी येतात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे लेबर डेनंतर एका आठवड्याने: शाळा सुरू झालेल्या, सहकारी कामावर परतलेले, भारताची तिकिटं उन्हाळ्याच्या मानाने उतरलेली. ख्रिसमस आणि न्यू इयरच्या शिफ्ट मी हटकून करते. घरी नागपूरला डिसेंबरातलं तिकीट तसंही परवडत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर निघायचं, तोवर भाव खाली येतात आणि हुरड्याचा मोसमही गाठता येतो.

शिफ्ट सलग घ्यायच्या. सात-सातचे दोन ब्लॉक जोडून चौदा दिवस करणारे बरेच आहेत, मीही करते, पण रात्रपाळीचे चौदा नाही. दहाव्या रात्रीनंतर माणूस ऑर्डर लिहितो ती हाताच्या सवयीने. पहिल्या शिफ्टच्या आदल्या दिवशी गावात पोहोचलेलं असावं, आणि ते गाव जोडविमानाने गाठायचं असेल तर दोन दिवस आधी. फ्लाइट रद्द झाली तर तुमची एकट्याची गैरसोय होत नाही, हॉस्पिटलात त्या दिवशी डॉक्टर नसतो. शेवटची रात्र संपवून त्याच सकाळी आंतरराष्ट्रीय विमान पकडायच्या भानगडीतही पडू नये. एक दिवस झोपेला द्या.

कॉन्ट्रॅक्टमध्ये कॅन्सलेशनचं कलम वाचा, सहसा तीस दिवसांच्या नोटिसीचं असतं आणि ते दोन्ही बाजूंना लागू असतं. म्हणजे हॉस्पिटलला कायमचा डॉक्टर सापडला तर नोटिशीच्या मुदतीनंतरच्या तुमच्या सगळ्या शिफ्ट एका इमेलमध्ये जातात. म्हणून घरात नियम असा की प्रवासाचा खर्च झालेल्या कमाईतून करायचा, ठरलेल्या कमाईतून नाही. एप्रिलची सहल फेब्रुवारीच्या ब्लॉकवर.

पैशाचं थोडक्यात. हॉस्पिटलिस्टच्या दिवसपाळीला तासाला दीडशे डॉलर धरू. बारा तासांच्या सात शिफ्ट म्हणजे १२,६०० डॉलर. आकडा बघून डोळे चमकतात, पण यातून काहीही कापलेलं नसतं. नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांचा निम्मा वाटा मालक भरतो, इथे १५.३ टक्के पूर्ण आपले (सोशल सिक्युरिटीचा भाग ठरावीक उत्पन्नापर्यंतच), त्यावर फेडरल आणि राज्याचा इन्कम टॅक्स. मी प्रत्येक चेकचे चाळीस टक्के वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याकडे बघत नाही. अंदाजे टॅक्स १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरावा लागतो. या तारखा सहलीच्या कॅलेंडरमध्येच लाल शाईने असाव्यात. ज्या ज्या राज्यात काम केलं तिथलं रिटर्नही भरायचं, टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटासारखी बिनटॅक्सची राज्यं सोडून. हेल्थ इन्शुरन्स आपला आपण. जुन्या नोकरीचा कोब्रा या कायद्याखाली अठरा महिने चालू ठेवता येतो, महाग असतो, तरी मधल्या काळात उपयोगी.

एक मोह टाळा. पुष्कळ जण म्हणतात, घरच सोडून देऊ, सामान स्टोरेजमध्ये टाकू, आज मोंटाना, उद्या मेन. ऐकायला झकास. पण कायमचं घर किंवा कामाचं ठरलेलं मुख्य ठिकाण नसेल तर टॅक्सच्या भाषेत तुमचं ‘टॅक्स होम’च राहत नाही, आणि मग कामासाठीच्या प्रवासखर्चाची वजावट मिळत नाही. एकाच जागी वर्षाहून जास्त काम चालणार असं दिसलं तरी तेच. सीएला इथे सीपीए म्हणतात. डॉक्टरांचं, त्यातून लोकमवाल्यांचं काम करणारा गाठा.

हॉटेलचे आणि विमानाचे पॉइंट मात्र बिनदिक्कत घ्या. बुकिंग एजन्सीचं असलं तरी मेंबरशिप नंबर आपला देता येतो. आमची जपानची बहुतेक हॉटेलं साउथ डकोटातल्या हायवेवरच्या मोटेलांच्या पॉइंटवर झाली आहेत.

आता कामाच्या जागेबद्दल, कारण सहलीच्या नादात लोक असाइनमेंट नकाशा बघून निवडतात. ग्लेशियर नॅशनल पार्क जवळ आहे ना, मग झालं. मोंटानाच्या उत्तरेला मी ज्या क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटलात (आडगावातलं छोटं हॉस्पिटल) जाते, तिथे या दर्जाच्या नियमाप्रमाणे २५ पर्यंतच खाटा, आणि रात्री इमारतीत डॉक्टर दोन: इमर्जन्सीचा आणि मी. फेब्रुवारीतली एक रात्र. सेप्सिसचा पेशंट, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला, प्रेशर पडतंय, ते वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन चालू. मोठं आयसीयू चार तासांच्या रस्त्यावर. ट्रान्सफर सेंटरने खाट दिली, पण बर्फामुळे हेलिकॉप्टर जमिनीवर. ॲम्ब्युलन्स निघू शकत होती, मात्र ड्रिप सांभाळणारी नर्स सोबत लागणार, आणि ती गेली की वॉर्डात एकच उरणार. चार्ज नर्सने कपाट उघडून नॉरएपिनेफ्रिनच्या किती व्हायल उरल्यात ते मोजलं, फळ्यावर लिहिलं, आणि घरी झोपलेल्या एका सहकारी नर्सला फोन लावला. ती स्नोमोबिलवरून आली. तोवर मी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घातली. शेवटची लाइन घालून तुम्हाला दोन वर्षं झाली असतील, तर असली जागा तुमची नाही.

म्हणून होकार देण्याआधी तिथल्या डॉक्टरशी फोन मागा, रिक्रूटरशी नाही. रात्री पेशंट किती, आयसीयू आहे का, व्हेंटिलेटर कोण बघतं, प्रोसिजर कोण करतं, कार्डिऑलॉजी फोनवर तरी आहे का, ट्रान्सफर कुठे आणि कशाने. कॉम्प्युटरवर सिस्टिम कुठली, एपिक की मेडिटेक की आणखी काही, हेही. पहिल्या दिवशी लॉगिन चालत नाही ही सर्रास गोष्ट आहे, तेव्हा पहिल्या शिफ्टआधी दोन तास ओरिएंटेशन लिहून घ्या, पगारी.

बोर्डाचं सर्टिफिकेट चालू ठेवायला इंटर्नल मेडिसिनवाल्यांना २०२२ पासून दहा वर्षांच्या मोठ्या परीक्षेऐवजी दर तिमाहीला तीस प्रश्नांचा पर्याय आहे. एका प्रश्नाला चार मिनिटं. ते कुठूनही सोडवता येतात, मी ते बहुतेक दोहाच्या विमानतळावर सोडवते.

पहिली असाइनमेंट स्वतःच्या राज्यात घ्या, गाडीने जाण्यासारखी, ओळखीच्या सिस्टिमची. जुन्या नोकरीत महिन्याच्या दोन-तीन शिफ्टपुरतं नाव ठेवता आलं तर ठेवा. क्रेडेन्शियलिंगला अलीकडच्या दोन वर्षांत तुमचं काम पाहिलेल्या डॉक्टरांची शिफारस लागते, आणि ती तिथूनच मिळते. एजन्सी दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत. आणि पहिल्याच इमेलमध्ये प्रत्येकीला लिहून ठेवा की मला विचारल्याशिवाय माझा सीव्ही कुठल्याही हॉस्पिटलला पाठवायचा नाही. दोन एजन्सींनी एकाच जागेसाठी तुमचं नाव पाठवलं तर त्या भांडणात पडण्यापेक्षा हॉस्पिटल तिसराच डॉक्टर घेतं.