शनिवार-रविवार पोर्तोत: दोउरो नदी, जेवण आणि पोर्ट वाइन

पोर्तुगालमधल्या पोर्तोतला वीकेंड बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. शहर, नदीपलीकडच्या गाया या शहरातली पोर्ट वाइनची कोठारं, दोउरोचं खोरं आणि समुद्रकिनारा हे सगळं दोन दिवसांत कोंबलं जातं. म्हणून आधी परतीची वेळ बघा. सोमवारी सकाळी निघणार असाल तर रविवार खोऱ्याला द्या. रविवारी संध्याकाळीच विमान असेल तर खोरं या वेळी सोडा. खोऱ्यातल्या पिन्याओ गावाला रेल्वेने जायला साधारण अडीच तास लागतात, यायला तेवढेच, आणि परतीची एक गाडी चुकली की पुढची लगेच मिळत नाही.

खोली साओ बेंतो स्टेशन किंवा बाताल्या चौकाच्या आसपास, म्हणजे वरच्या भागात घ्या. नदीला लागून असलेला रिबेइरा फोटोत फार देखणा दिसतो, पण तिथे रात्री उशिरापर्यंत गलका असतो. शिवाय चाकांची बॅग घेऊन तो दगडी चढ चढणं ही शिक्षाच. विमानतळावरून मेट्रोची जांभळी लाइन अर्ध्या तासात त्रिंदादे स्टेशनला पोचवते. तिथे पिवळी लाइन पकडली की दुसरं स्टेशन साओ बेंतो. तिकीट आंदांते नावाच्या प्रवास-कार्डावर चालतं आणि माणशी एक कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. गाडी बदलतानाही कार्ड पुन्हा मशीनला लावायचं. हे विसरणाऱ्यांनाच दंड होतो.

मे-जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले महिने. सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालते. जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तो सुखाचं असतं, पण खोऱ्यात पारा चाळिशीला टेकू शकतो. हिवाळ्यात पाऊस येतो आणि झिजून गुळगुळीत झालेले फरसबंदीचे दगड निसरडे होतात, तेव्हा रबरी तळाचे बूट हवेतच.

शनिवारी सकाळी बोल्याओ बाजार. तो रविवारी बंद असतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका. मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 मध्ये तो पुन्हा उघडला. मासळी, चीज, ऑलिव्ह बघत तासभर सहज जातो. तिथून चालत साओ बेंतो स्टेशन: आतल्या भिंतींवर जॉर्ज कोलासू यांनी रंगवलेल्या सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. गाडी पकडायची नसली तरी आत जा.

फ्रान्सेझिन्या खायची असेल तर दुपारीच खा. पावाच्या दोन स्लाइसमध्ये हॅम, सॉसेज आणि बीफ, वरून वितळलेलं चीज, आणि त्यावर टोमॅटो-बीअरचा गरम तिखट रस्सा. बहुतेक ठिकाणी वर अंडं आणि बाजूला बटाट्याचे तळलेले काप. एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं. रात्री खाल्ली तर झोपेचं काही खरं नाही. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी शाकाहारी फ्रान्सेझिन्या मिळाली तरी रश्श्यात मांसाचा अर्क आहे का, हे विचारून घ्यावं. काल्दो वेर्दे हे हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती सोडलेली असते. ‘सेंय कार्न, सेंय पेइश’ म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ असू द्या.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदा आहे. मेनूत ‘मेया दोझ’ दिसलं तर ती अर्धी प्लेट, आणि एकट्याला बहुधा तेवढी पुरते.

आता गाया. कोठारातली फेरी आणि चाखणी आधी ऑनलाइन बुक करा, आणि वेळ सूर्यास्तावरून ठरवा: जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला. चाखणी त्याआधी तासभर संपली पाहिजे. सँडेमन, कालेम, फेरेइरा नदीकाठीच आहेत. टेलर्सला चढ चढावा लागतो, आणि ग्रॅहम्स त्याहून लांब आहे. एका दुपारी एकच कोठार करा. पोर्टमध्ये मद्यार्क 19 ते 22 टक्के असतो आणि गोडव्यामुळे तो जाणवत नाही. दुसऱ्या कोठारात पोचेपर्यंत जिभेला फरक कळेनासा होतो.

चाखायचं काय? द्राक्षरस आंबत असताना, साखर अजून बरीच शिल्लक असताना, त्यात द्राक्षाचंच कडक मद्य घालून आंबणं थांबवतात, म्हणून पोर्ट गोड आणि जोरकस. पुढचा सगळा फरक भांड्याचा. रुबी नावाची पोर्ट मोठ्या पिंपांत थोडा काळ राहते, हवा कमी लागते, रंग गडद लाल आणि चव ताज्या फळांची राहते. टॉनी नावाची पोर्ट लहान पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, हळूहळू हवा शोषते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा: कडेला विटकरी, पुढे मधासारखी झाक दिसते, आणि वासाला अक्रोड, सुकं अंजीर येतं. ‘20 वर्षं’ लिहिलेली टॉनी वेगवेगळ्या वर्षांच्या वाइनचं मिश्रण असते. एकाच वर्षाची हवी असेल तर बाटलीवर ‘कोल्येइता’ शोधा. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर 20 वर्षांच्या टॉनीवर घाला.

चाखणीनंतर जार्दिम दो मोर्रो बागेत जा. नदीकाठावरून वर केबल कार जाते. दोन मजली लुईस पहिला पूल (1886) समोरच, पश्चिमेला उतरतं ऊन आणि खाली पाण्यावर पूर्वी वाइनची पिंपं वाहणाऱ्या राबेलो होड्या. परतताना पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत या. खालच्या मजल्यावरून आलात तर रिबेइरात उतराल, आणि मग खोलीपर्यंत पूर्ण चढ.

रविवारी सकाळी साओ बेंतो किंवा कांपान्या स्टेशनहून पिन्याओची गाडी. आदल्या रात्री रेल्वेच्या साइटवर वेळ बघा. रुळांचं काम चालू असेल तर काही टप्पा बसने करावा लागतो. साध्या गाडीत जागा राखीव नसते, म्हणून वीस मिनिटं आधी पोचून उजव्या खिडकीत बसा. पहिला तासभर नदी दिसतच नाही आणि लोक निराश होतात. मग ती अचानक रुळाला येऊन भिडते आणि पिन्याओपर्यंत साथ सोडत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर कापून केलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या. या खोऱ्याची हद्द 1756 मध्ये कायद्याने आखली गेली.

पिन्याओ स्टेशनवरच्या फरशांवर तोडणीची चित्रं आहेत. उतरल्यावर आधी परतीची गाडी पक्की करा, मग तासाभराची होडी आणि जेवण. भाड्याची मोटार टाळा: रस्ते वळणांचे आहेत, आणि पोर्तुगालमध्ये चालकाच्या रक्तात मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे.

खोरं सोडलेल्यांनी रविवारी सहा पुलांची होडी घ्यावी, साधारण 50 मिनिटांची. त्यानंतर 500 नंबरच्या बसने नदीकाठाने फोजला, जिथे दोउरो समुद्राला मिळते. तोच रस्ता जुन्या ट्रामनेही होतो, पण तिथे रांग असते आणि तिकीटही महाग.

बाटली घ्यायची असेल तर ती चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. टॉनी उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. व्हिंटेज, म्हणजे एकाच निवडक वर्षाची, बाटलीत मुरलेली पोर्ट, मात्र गाळून एक-दोन दिवसांत संपवावी लागते, तेव्हा ती चार माणसं जमणार असतील तरच उघडा.