क्ले ॲनिमेशनची तयारी: आधी काचेचं कौल झाका

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मातीच्या कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, छोटी फिल्म करायला घेतली. क्ले ॲनिमेशन म्हणजे मातीची आकृती थोडी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, आणि मग सगळे फोटो सलग लावायचे. वेंगुर्ल्याला आमच्याच घरी, माजघरात टेबल मांडून. नऊ सेकंदांच्या एका शॉटसाठी १०८ फोटो काढले. सकाळी साडेदहाला बसलो ते एकला उठलो. कुर्ली झकास चालली होती. फोटो सलग लावून बघितले तर तिच्या पाठीवरून उन्हाचा एक चौकोन तिरका धावत गेला, आणि मागची भिंत सारखी उजळत-काळवंडत राहिली. चौकोन छपरातल्या काचेच्या कौलातून येत होता, भिंतीचा खेळ खिडकीबाहेरच्या ढगांचा होता. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. समोर बसलं की ते कळत नाही, पण अडीच तास नऊ सेकंदांत दाबले की कुर्लीच्या आधी नजर तिकडेच जाते. शॉट टाकून द्यावा लागला, सुट्टी संपली, आणि आम्ही अर्धवट फिल्म जमा केली. यंदा ज्यांना करायची आहे त्यांनी खालचं नीट वाचा. घाई असेल तर उजेडाचं तेवढं वाचा, पण ते वाचाच.

गोष्ट लहान ठेवा. सेकंदाला १२ फोटो धरले तर एका मिनिटाला ७२० होतात. आम्हाला तासाला पन्नासेक जमायचे. म्हणजे ४० सेकंदांची फिल्म दहा तास खाते, आणि त्यात चुका धरलेल्या नाहीत. पात्रही विचार करून निवडा. कुर्लीला आठ पाय आणि दोन नांग्या, दर फोटोला दहा अवयव हलवायचे. शंखातला खेकडा घेतला असता तर निम्मं काम शंखाआडच लपलं असतं. कागदावर चौकटी काढून शॉट ठरवा, बाकी स्टोरीबोर्डबद्दल वर्गात शिकवतातच.

माती. आपल्याकडे माती म्हटली की गणपतीच्या शाळेतली (मूर्ती घडवतात तिथली) शाडूच आठवते, आणि ती मागितली तर मिळतेही. घेऊ नका. शाडू पाण्यात मळलेली असते, वाळते, आकसते, आणि रोज वाकवायच्या सांध्यांवरच आधी तडकते. मूर्ती एकदा घडवून वाळवायची असते, आपल्याला तीच आकृती शेकडो वेळा वाकवायची आहे. कणकेचंही तेच, शिवाय मुंग्या. तेलातली, न वाळणारी क्ले लागते. हा प्रकार इंग्लंडमधल्या विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच काढला, कारण वर्गातली माती लवकर वाळायची. स्टेशनरीच्या दुकानात ‘न वाळणारी’ असं स्पष्ट विचारा, एअर ड्राय लिहिलेलं पाकीट परत करा. आपल्या उकाड्यात ही तेलातली क्ले लोण्यासारखी मऊ होते, मान कलते, हात खाली येतो. मऊ पडली की डब्यात घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरा रंग सगळ्यात आधी मळा, लाल-काळा शेवटी, मधे हात पुसा. हात न पुसता पांढऱ्याला लावला की तो दुपारपर्यंत राखाडी झालाच म्हणून समजा.

आकृतीच्या आत ॲल्युमिनियमची तार, दोन पदरी पिळलेली. लोखंडी नको, ती परत उसळी घेते. पायाला वजन द्या, किंवा खालच्या फळीत टाचणी जाईल अशी सोय ठेवा.

सेटसाठी पुठ्ठा वापरू नका, खाऱ्या दमट हवेत तो रात्रीतून बाक घेतो आणि दुहेरी टेप सुटते. पातळ प्लाय घ्या. किनाऱ्यासाठी खरी वाळू आणायचा मोह होणार, समोरच तर आहे. पण तिचे कण क्लेत रुतून बसतात आणि दर फोटोत जागा बदलतात. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर अंथरा, कॅमेऱ्यात तीच वाळू दिसते. पाण्याला निळा जिलेटिन पेपर.

आता उजेड. खिडकी झाका. दाराची फट झाका. काचेचं कौल झाका. ‘पडद्याने भागेल’ असं म्हणू नका, पडद्यातून ढग दिसतात. निळी ताडपत्री चालत नाही, तिच्यातून निळा उजेड झिरपतो. जाड गोधडी किंवा दुहेरी काळा चार्ट पेपर लावा आणि कडेने टेप मारा. कौल उंचावर असतं म्हणून विसरतं, आमचंही तसंच झालं. स्वतः छपरावर चढू नका. आतून वाशांना पुठ्ठा बांधून घ्या, तोही घरातल्या मोठ्या माणसाकडून.

झाकलं की खात्री करून घ्या, आणि ती भर दुपारी बारालाच. शूटला जी सेटिंग वापरणार तीच लावा, सगळे दिवे बंद करा आणि एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. कुठे करडी रेघ दिसली तर तिथून बाहेरचा उजेड आत येतोय, ती फट शोधा. आमची आजी दोनदा येऊन म्हणाली, “काळोखात काय करतंस गो? खिडकी उघड वाईच.” घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शॉटच्या मध्यात कोणीतरी मायेने खिडकी उघडतं. रात्री शूट केलंत तर कौलाची कटकट नाही, पण दिव्याभोवती किडे येतात आणि एखादा सेटवर बसतो.

दिवे दोन एलईडी पुरे, जागा टेपने आखून ठेवा. जुने पिवळे बल्ब नकोत. ते क्ले वितळवतात आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मंदावतात. पांढरा टी-शर्ट घालून बसू नका, त्याचा उजेड सेटवर पडतो. गडद कपडे घाला आणि प्रत्येक फोटोला त्याच जागी उभे राहा.

खिडकी झाकली आणि फोनचं ऑटो चालू राहिलं तर सगळं फुकट. तुमचा हात चौकटीत आला-गेला की फोन स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), शटर (फोटोला किती वेळ उजेड मिळतो), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि फोकस चारही हाताने बांधून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, दिव्याचं लुकलुकणं फोटोत उतरत नाही. फोटो काढायचं ॲप बंद करून उघडलं की सेटिंग सुटतं. आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

फोन आडवा, ट्रायपॉडवर, ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेमने टिपली, तेव्हाही कॅमेरा कुंडीसमोर रोवूनच ठेवला होता. बटण बोटाने दाबू नका, ब्लूटूथ रिमोट वापरा. फ्लाइट मोड लावून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा, चार्जर जोडलेला असू द्या, फोनमध्ये चार-पाच जीबी मोकळी ठेवा. पंखा बंद. माळ्यावरच्या फळ्यांच्या जमिनीवर शूट करू नका, कोणी चाललं की टेबल हलतं.

हलवताना सुरुवातीला आणि शेवटी अगदी थोडं सरकवा, मधे जास्त. एकेक फोटोने फिल्म करायच्या ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसायची सोय असते, ती चालू ठेवा. पहिले २४ फोटो झाले की थांबून सलग बघा. उजेड लुकलुकतोय का एवढंच बघा, बाकी नंतर. जेवून परत आलात की पुन्हा बघा, गोधडी जागेवर आहे ना.

आवाज बंदरावर फोननेच घ्या, वाऱ्याला पाठ करून. सिनेमातलं गाणं नको. एडिटिंगला दोन दिवस राखा. फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर, रोज.

आणि फिल्म पूर्ण जोडून बघेपर्यंत सेट मोडू नका. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागतोच. खिडकीवरची गोधडी आणि कौलाखालचा पुठ्ठा तोवर तसेच राहू द्या.