कृत्रिम डोळ्यामागची खोबण कशी जपावी

१९९६ च्या मे महिन्यात विटी लागून माझा डावा डोळा गेला. तेव्हा मी ११ वर्षांची होते. डॉक्टरांनी डोळा काढून आत गोल इम्प्लांट बसवला आणि डोळ्याचे स्नायू त्याला जोडले. लोकांना दिसतो तो कृत्रिम डोळा वेगळा. तो इम्प्लांटच्या पुढे, पापण्यांच्या आत बसतो. तो काढता येतो, बदलता येतो. मागचं ओलं, गुलाबी अस्तर मात्र जिवंत आहे आणि जपायचं आहे ते तेच.

सगळ्यात आधी हे सांगते: डोळा काढून डबीत ठेवून देऊ नका. मी ठेवला होता. बारावीच्या वर्षी चिकट स्राव यायचा, वर्गात लाज वाटायची, म्हणून आठ महिने काळा चष्मा लावून वावरले. नंतर घालायला गेले तर डोळा बसेचना. खालच्या पापणीमागची खाच, जिच्यात डोळ्याची कड टेकते, ती आकसून गेली होती. मग ओठाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावावं लागलं. काही दिवस पापण्या टाक्यांनी मिटलेल्या, तोंडाला दूधभाताशिवाय काही चालेना. लावलेलं अस्तरही आकसायला बघतं, म्हणून आत कन्फॉर्मर, म्हणजे प्लास्टिकची पातळ वाटी, कित्येक आठवडे ठेवावी लागली. एवढं सगळं फक्त डोळा न घातल्यामुळे.

रोज काढायची मात्र गरज नाही. सारखं हाताळलं की अस्तर चिडतं आणि स्राव वाढतो. तुमच्या ऑक्युलरिस्टने, म्हणजे कृत्रिम डोळा बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाने, सांगितलं असेल त्या अंतराने काढा. बेसिनवर उभं राहून नको, निसटला तर थेट नळीत जातो. टेबलावर जाड टॉवेल पसरा, हात धुवा, वर बघा आणि खालची पापणी खाली ओढा. डोळा तिच्यावरून घसरून हातात येतो. साध्या सौम्य साबणाने बोटांनीच चोळा, भरपूर पाण्याने धुवा. स्पिरिट, सॅनिटायझर, उकळतं पाणी कधीही नको, डोळा ज्या प्लास्टिकचा असतो त्या अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. घालताना वरची कड आधी वरच्या पापणीखाली सरकवा, मग खालची पापणी ओढून आत बसवा. एरवी डोळा पुसायचा असेल तर पापण्या मिटून, बाहेरून नाकाकडे. उलटं पुसलं तर डोळा फिरतो, कधी बाहेरही पडतो.

वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या. साधारण पाच वर्षांनी नवा करावा लागतो, मुलांचा त्याआधीच, कारण चेहरा वाढत असतो. दर दिवाळीला मी त्याच खिडकीपाशी समोरून एक फोटो काढते. वरच्या पापणीवरचा खळगा किती खोल गेला, खालची पापणी किती ओघळली, हे आरशात रोज बघून कळत नाही. पाच फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतं. खळगा भरायला जाड डोळा करून द्या असा हट्ट धरू नका. त्याच्या वजनाने खालची पापणी आणखी ओघळते. आत मुळातच भर कमी असेल तर ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापण्या आणि खोबणीची शस्त्रक्रिया करणाऱ्या, डॉक्टरांना भेटा. मोठा इम्प्लांट किंवा अंगातलीच चरबी घालून दुरुस्ती करता येते.

वास येणारा पिवळा-हिरवा स्राव, रक्त, अचानक सैल झालेला डोळा, किंवा अस्तरातून आतला इम्प्लांट उघडा दिसणं, यातलं काहीही झालं तर थेंब घालून वाट बघू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

आणि उरलेला डोळा! नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, चष्मा जागेपणी कायम. माझा भाचा क्रिकेट खेळायला बोलावतो तेव्हाही तो उतरत नाही.

नवा डोळा आला की जुना टाकून देऊ नका. डबीवर तारीख लिहून तो प्रवासाच्या बॅगेत ठेवा. थोडा सैल बसला तरी नवा हरवल्यावर खोबण रिकामी राहत नाही.