नखाखालचा ठणका: या चुका टाळा

फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली की एकाच बोटाच्या नखाखालून कळ उठते आणि खांद्यापर्यंत जाते. सूज नाही, पू नाही, कुठे लागल्याचंही आठवत नाही. अशा बोटाला लिंबू लावून बसू नका. नखुरडं असेल तर नखाची कड लाल होते, दोन-चार दिवसांत पिकते. महिनोन्‌महिने एकच जागा दुखत असेल तर ग्लोमस ट्यूमरची शंका घ्यायला हवी.

नावाला घाबरू नका, ही गाठ जवळजवळ कधीच कॅन्सरची नसते. बोटांच्या टोकाशी तापमान सांभाळणारे रक्तवाहिन्यांचे बारीक पुंजके असतात, त्यांतूनच ती वाढते. आकार जेमतेम काही मिलिमीटर. म्हणूनच एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे काही नाही, असं समजू नये. गाठीने हाड कोरलं असेल तरच त्यात खूण दिसते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘मनाचं दुखणं’ म्हणून बोळवण. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांना हा त्रास जास्त होतो, आणि कित्येकींना मानेचे व्यायाम नाहीतर झोपेच्या गोळ्या देऊन वर्षानुवर्षं परत पाठवलं जातं. खरं तर तपासायला टाचणीचं डोकं पुरतं. नखावर एकेक बिंदू दाबत जायचं. नेमक्या जागी पेशंट हात झटकन ओढून घेतो, जरा बाजूला दाबलं तर काहीच नाही. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून हाताचा रक्तपुरवठा थांबवायचा: तोच बिंदू दाबला तरी दुखत नाही, पट्टा सोडताच कळ परत येते. हे जुळलं की एमआरआय किंवा बारकाईची सोनोग्राफी, म्हणजे गाठीची जागा कळते.

मलम, मालिश, शेक यांनी गाठ जात नाही. ती ऑपरेशन करून पूर्ण काढावी लागते. बोट बधिर करण्याआधीच दुखरा बिंदू पेनाने खुणावून घ्या, नंतर तो सांगता येणार नाही. भिंगाखाली काम करणारा हाताचा सर्जन निवडा, कारण कण जरी मागे राहिला तरी दुखणं उलटतं. काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायचाच. नखाच्या गादीला नीट टाके घातले नाहीत तर नख वेडंवाकडं येऊ शकतं.

जखमेचा हुळहुळेपणा काही आठवडे राहतो. तीन महिन्यांनंतरही गार पाण्याने तीच जुनी कळ उठत असेल तर पुन्हा एमआरआय करून घ्या.