जुन्या कॉम्प्युटरला नवी हार्डडिस्क घेताय? आधी केबल बघा

डिस्क गेली किंवा जायच्या वाटेवर असली की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती जीबीची घेऊ?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी मशीन बंद करा, प्लग काढा, झाकण उघडा आणि जुन्या डिस्कला मागून कोणती केबल लागलीये ते बघा. चांगली रुंद चपटी पट्टी असेल, बहुतेक वेळा राखाडी आणि एका कडेला लाल रेघ, आणि डिस्कवर पिनांच्या दोन ओळी दिसत असतील तर ती आयडीई, म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत. करंगळीएवढी अरुंद केबल आणि टोकाला एल आकाराची खाच असेल तर सॅटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. सॅटा २००३ च्या आसपास बाजारात आलं, म्हणून त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर दोन्ही सॉकेट असतात, तेव्हा डिस्क आयडीई निघाली तरी बोर्डावर एकदा नजर फिरवा, सॅटाचं सॉकेट रिकामं पडलेलं असू शकतं.

आणि हो, खरेदीच्या आधी एक तपासणी कराच. क्रिस्टलडिस्कइन्फो सारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित जागांचे आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच चाललीये, डेटा आजच दुसरीकडे काढा. पण ते दोन्ही शून्य आणि फक्त सीआरसी एररचा (डेटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढतोय असं दिसलं तर दोष बहुतेक केबलचा असतो. मावसभावाच्या पीसीत हेच झालं होतं, दुकानदाराने नवी डिस्क घ्यायला सांगितलेलं, मी नुसती सॅटा केबल बदलली आणि तीच डिस्क अजून चालतीये. तो सीआरसीचा जुना आकडा मात्र परत शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबला की समजायचं काम झालं.

आता सॅटा असेल तर माझं स्पष्ट मत, विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्या जागी २.५ इंची सॅटा एसएसडीच (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या. लोक म्हणतात जुन्या बोर्डाला सॅटा २ (सॅटाची दुसरी पिढी) आहे, सेकंदाला ३ गिगाबिटच मिळणार, मग एसएसडीचा काय उपयोग? उपयोग आहे, कारण जुनं मशीन रडतं ते मोठ्या फाइल कॉपी करताना कमी आणि हजारो बारक्या फाइली शोधताना जास्त. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एक फेरा मारायला ८ मिलिसेकंदांहून जास्त घेते, त्यात हेड सरकायचा वेळ वेगळा, आणि एसएसडीत फिरणारं काही नसतंच. सॅटाच्या पिढ्या सहसा एकमेकींशी जुळवून घेतात, सॅटा ३ ची डिस्क सॅटा २ वर चालते, फक्त वेग खालचा मिळतो. स्वस्त दिसली म्हणून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ तेवढी घेऊ नका, तिला जुन्या बोर्डावर जागाच नसते. फोटो, सिनेमे साठवायलाच डिस्क हवी असेल तर साधी फिरणारी हार्डडिस्क घ्या, त्यात काही वावगं नाही.

लॅपटॉपमध्ये जाडी मोजा. जुन्या खाचा बहुतेक ९.५ मिलिमीटरच्या आणि एसएसडी ७ मिलिमीटरची, त्यामुळे बसते पण कधीकधी हलते. काही डिस्कबरोबर प्लॅस्टिकची पातळ चौकट येते, ती चिकटवली की घट्ट बसते. उलटं मात्र जमत नाही, ७ च्या खाचेत ९.५ ची डिस्क दामटून बसवू नका.

आयडीईवाल्यांना जरा जास्त सांभाळावं लागतं. खूप जुन्या बायोसना (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) १३७ जीबीच्या पुढची जागा दिसतच नाही, आणि विंडोज एक्सपीलाही त्यासाठी किमान सर्व्हिस पॅक १ लागतो. जुन्या डिस्कवरचा मास्टर-स्लेव्हचा जंपर (एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोणती, दुसरी कोणती ते ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) कसा आहे त्याचा फोटो काढून ठेवा आणि नवी तशीच लावा. वापरलेली आयडीई डिस्क मिळतीये म्हणून घेण्यापेक्षा सॅटा डिस्क आणि ती आयडीईला जोडायचा अडॅप्टर मला बरं वाटतं, पण आत अडॅप्टरला जागा आहे का ते आधी मोजा.

आता किती जीबी. सगळी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची असेल तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे. जुनी ५०० ची आणि नवी ४८० ची घेतलीत तर भरलेला डेटा जेमतेम १०० जीबी असला तरी क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर सरळ नकार देतं, आधी पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) लहान करायची कटकट येते. दुसऱ्या टोकाला, जुन्या बायोसवर बूट करायला २ टीबीपेक्षा मोठी घेऊ नका, जुन्या पद्धतीच्या एमबीआर पार्टिशनला त्यापुढची जागा वापरताच येत नाही.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त नवी जोडा. दोन्हींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) सारखी असते म्हणून विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं आणि आपण उगाच समजतो की नवीच खराब निघाली.